वॅक्स प्रिंटचा किमोनो: सहा वार कापड आणि सरळ काटछाट

पश्चिम आफ्रिकेतलं वॅक्स प्रिंट कापड सहसा सहा वारांच्या तुकड्यात मिळतं. लांबी साधारण ५.५ मीटर, पन्हा ११५ ते १२० सेंटीमीटर. जपानी किमोनोसाठी विणलं जाणारं कापड मात्र जेमतेम ३६ ते ३८ सेंमी पन्ह्याचं आणि सुमारे १२ मीटर लांब असतं. वॅक्स प्रिंटचा पन्हा उभा तीन भागांत कापला, तर ३८ सेंमीच्या तीन पट्ट्या निघतात आणि त्यांची एकूण लांबी १६ मीटरच्या वर जाते. म्हणजे एका तुकड्यात पूर्ण किमोनो बसतो आणि नक्षी जुळवण्यासाठी कापड शिल्लकही राहतं.

वॅक्स प्रिंटच्या नक्ष्या मोठ्या असतात. कधी एकच वर्तुळ दोन वितींचं असतं. चुण्या, प्लेट्स आणि बगलेचा गोलवा असलेल्या कपड्यात अशी नक्षी तुकड्या-तुकड्यांत हरवते. किमोनोत एकही प्लेट नाही, बगलेचा गोल काप नाही, खांद्यावर जोड नाही. आठ आयत जोडायचे, एवढंच. कॅमेरूनमध्ये जन्मलेले डिझायनर सर्ज मुआंग यांनी ‘वाफ्रिका’ या नावाने आफ्रिकी कापडांचे किमोनो केले, तेव्हा या दोन परंपरा एकमेकींना किती सहज सामावून घेतात हे अनेकांच्या लक्षात आलं.

इथे दिलेली पद्धत बिनअस्तरी सुती किमोनोची, म्हणजे युकाता शिवतात तशी आहे. मापं १६० सेंमी उंची आणि ९२ सेंमी नितंबघेर असलेल्या स्त्रीसाठी आहेत. ती बदलायची कशी, तेही पुढे सांगितलं आहे.

कापड घेताना तीन गोष्टी तपासा

पहिली, दोन्ही बाजू. खऱ्या वॅक्स प्रिंटमध्ये कापडाच्या दोन्ही बाजूंना राळेचा लेप छापतात आणि मग रंगवतात. लेपाला तडे जाऊन रंग आत शिरतो, त्या बारीक रेघा नक्षीत दिसतात. हे तंत्र जावामधल्या बाटिकच्या यांत्रिक नकलेतून आलं. नेदरलँड्समधल्या हेल्मंड गावी १८४६ साली सुरू झालेली व्लिस्को कंपनी आजही असं कापड बनवते; घानात तेमा इथे आणि आयव्हरी कोस्टमध्ये आबिजान इथेही कारखाने आहेत. अशा कापडाला उलट-सुलट बाजू जवळजवळ नसते. ‘फॅन्सी प्रिंट’ नावाचं स्वस्त कापड एकाच बाजूने छापलेलं असतं आणि मागून फिकट दिसतं. किमोनोची बाही अंगाच्या बाजूला अर्धी उघडी असते आणि चालताना खालची किनार उलटते, त्यामुळे फॅन्सी प्रिंटची फिकी बाजू सतत डोळ्यात येते. ते घेतलंच, तर निदान बाह्यांना अस्तर लावावं लागेल.

दुसरी, नक्षीची दिशा. इथे बहुतेक नवे शिवणारे फसतात. वॅक्स प्रिंट मुळात कमरेला गुंडाळायचं कापड आहे. गुंडाळताना काठ आडवा, जमिनीला समांतर राहतो. त्यामुळे बऱ्याच कापडांत पक्षी, झाडं, भांडी काठ आडवा धरला की उभी दिसतात. किमोनोच्या पट्ट्या काठाला समांतर कापायच्या असल्याने ही चित्रं अंगावर आडवी झोपतात. काठ उभा धरल्यावर चित्र सरळ दिसणारं कापड मिळालं, तरी एक अडचण उरतेच: खांद्यावर जोड नसल्यामुळे पट्टी पुढून मागे तशीच जाते आणि पुढे सरळ असलेला पक्षी पाठीवर उलटा लटकतो. म्हणून पहिल्या किमोनोसाठी वर्तुळं, जाळी, ठिपके, विहिरीतल्या तरंगांसारखे वलयांचे नमुने घ्या, जे कुठूनही बघितले तरी सारखेच वाटतात. एकदिशी नक्षी हवीच असेल, तर खांद्यावर जोड द्या आणि प्रत्येक पट्टीला ४ सेंमी जादा धरा.

तिसरी, नक्षीची पुनरावृत्ती. एक नक्षी किती सेंमीनंतर पुन्हा येते ते मोजा. ४० सेंमीच्या आत असेल तर सहा वार आरामात पुरतात. त्याहून मोठी असेल तर जुळवाजुळवीत कापड जातं. मग मागच्या शिवणीवर नक्षी तंतोतंत जुळवण्याचा हट्ट सोडा किंवा जास्त कापड घ्या.

धुणं आणि इस्त्री

नवीन कापडाला कांजीचा कडकपणा आणि चकाकी असते. ती तशीच ठेवून शिवलं, तर पहिल्या धुण्यात कापड आटतं आणि शिवणी ओढल्या जातात. दोन्ही कापलेल्या टोकांना झिगझॅग टीप मारा, नाहीतर धुताना दशा सुटून गुंता होतो. मग गार पाण्यात साध्या साबणाने वेगळं धुवा. निळा आणि लाल रंग पहिल्यांदा सुटतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत दोन-तीन वेळा धुवा. मीठ किंवा व्हिनेगर घातल्याने हे रंग पक्के होत नाहीत. सुटणारा रंग धुऊन काढणं हाच उपाय. किंचित दमट असतानाच सुती कापडाच्या उष्णतेवर, उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री करा. यानंतर लांबी पुन्हा मोजा. ५.३ मीटरच्या आसपास राहिली, तर खालचा हिशेब तसाच चालेल.

आठ तुकडे

मिगोरो म्हणजे अंगाचे दोन लांब तुकडे, प्रत्येक पुढून खांद्यावरून मागे जाणारा. सोदे म्हणजे दोन बाह्या. ओकुमी म्हणजे पुढच्या कडेला जोडायच्या दोन अरुंद पट्ट्या, ज्यांच्यामुळे किमोनो एकावर एक येतो. एरी म्हणजे गळपट्टी आणि काकेएरी म्हणजे गळपट्टीवर बसवायची छोटी पट्टी. मानेचा घाम हिलाच लागतो, म्हणून ती उसवून बदलता येते.

कापायची मापं, माया (शिवणीसाठी कडेला सोडलेलं जादा कापड) धरून:

- मिगोरो: ३८ × ३३४ सेंमी, २ नग
- सोदे: ३८ × १०४ सेंमी, २ नग
- ओकुमी: १९ × १४५ सेंमी, २ नग
- एरी: १३ × २०० सेंमी, १ नग
- काकेएरी: १३ × ९० सेंमी, १ नग

मिगोरोची लांबी अशी येते: तयार उंची १६०, खालची दुमड ३ आणि नक्षी वर-खाली सरकवायला ४, म्हणजे १६७, पुढची आणि मागची मिळून ३३४. स्त्रियांच्या किमोनोत तयार लांबी अंगाच्या उंचीइतकी ठेवतात, कारण कमरेवर घडी घालून जादा लांबी वर घेतात. वॅक्स प्रिंट युकाताच्या कापडापेक्षा ताठ असतं आणि ही घडी कमरेवर फुगते. आमचं स्पष्ट मत असं, की पहिल्या वेळी ही घडी टाळा: उंचीतून २५ ते २८ सेंमी वजा करून घोट्यापर्यंतचा किमोनो शिवा. पुरुषांचा तसाच असतो. तसं केलंत तर खाली येणारी खालच्या टोकापासूनची मापं त्याच प्रमाणात कमी करा. खांद्यापासूनची मापं मात्र बदलत नाहीत.

तयार रुंदी: पाठीचा अर्धा भाग ३०, पुढचा भाग २४, ओकुमी १५. सगळं मिळून घेर १३८ होतो, म्हणजे नितंबघेराच्या दीडपट. हे प्रमाण जपा. घेर कमी पडला की बसताना पुढचा भाग उघडतो.

नितंबघेर १०० च्या पुढे असेल किंवा हात लांब असतील, तर किमान ११८ सेंमी पन्ह्याचं कापड घ्या आणि तीन सारख्या पट्ट्या न करता ४२, ४२ आणि ३४ अशा कापा. अरुंद पट्टीतून १७ सेंमीच्या दोन ओकुमी निघतात. अरुंद विणलेल्या जपानी कापडात ही सोय नाही.

बेतताना

सगळं कापड एका सपाट जमिनीवर पसरा. काठापासून मोजत दर ३० सेंमीवर खडूची खूण करा आणि खुणा लांब पट्टीने जोडा. कापड फाडून पट्ट्या करू नका. पाच मीटर फाडताना कड ताणली जाते आणि लाटा येतात.

छापील नक्षी आणि धाग्याची दिशा नेहमी जुळत नाहीत. मीटरभरात एक सेंमीपर्यंत तिरपेपणा असेल, तर धाग्याप्रमाणे कापा. नक्षीप्रमाणे कापलेला मिगोरो दोन धुण्यांनंतर पायाभोवती पिळतो. तिरपेपणा त्याहून जास्त असेल तर ते कापड किमोनोला घेऊ नका.

काठाच्या दोन पट्ट्यांना एका बाजूला विणलेला काठ आहे. मधल्या पट्टीच्या दोन्ही कडा कापलेल्या आहेत. म्हणून काठाच्या पट्ट्यांतून मिगोरो आणि सोदे काढा, काठ पाठीच्या मधल्या शिवणीकडे ठेवा. काठावर छापलेली कंपनीची अक्षरं १ सेंमीच्या मायेत जेवढी लपतील तेवढी लपतात. जास्त रुंद असतील तर माया १.५ धरा. मधल्या पट्टीतून ओकुमी, एरी, काकेएरी काढा. एरीच्या कडा आत बंद होतात, ओकुमीची पुढची कड दुमडली जाते, त्यामुळे दशा निघण्याची भीती तिथे सगळ्यात कमी. मधल्या पट्टीत पहिल्या १४५ सेंमीत दोन ओकुमी शेजारी-शेजारी, पुढच्या २०० सेंमीत एरी आणि काकेएरी. उरलेल्या १२ सेंमीच्या पट्टीतून ठिगळं आणि कमरेची नाडी होते.

कातर लावण्याआधी पट्ट्यांच्या घड्या अंगावर टाकून आरशात बघा. किमोनोत डावा भाग नेहमी उजव्याच्या वर येतो. (उजवा वर घेणं जपानमध्ये फक्त मृतदेहाला नेसवताना होतं, तेव्हा यात चूक नको.) त्यामुळे डावी ओकुमी गुडघ्याखाली, डावी छाती आणि पाठीचा वरचा भाग, ही तीन ठिकाणं सगळ्यात जास्त दिसतात. सगळ्यात सुंदर नक्षी तिथे आणा. मोठं वर्तुळ बरोबर नितंबावर किंवा छातीच्या टोकावर येऊ देऊ नका. घाई करायची असेल तर ती शिवताना करा. इथे अख्खी संध्याकाळ गेली तरी चालेल.

शिवण, क्रमाने

किमोनो पारंपरिकरीत्या हातानेच, ३-४ मिलिमीटरच्या धावदोऱ्याने शिवतात. तो उसवून पट्ट्या पुन्हा धुता येतात, हा त्याचा मोठा गुण. मशीनवर शिवायचं असेल तर ८० नंबरची (१२) सुई, ५० नंबरचा दोरा आणि ३ मिमीचा टाका. लांब सरळ शिवणी मशीनवर आणि गळपट्टी हाताने, ही वाटणी नवख्यांना सोयीची पडते. जास्तीची माया कापून टाकू नका. ती आत सपाट ठेवायची असते. कापलेल्या कडांना आधी झिगझॅग किंवा ओव्हरलॉक करून घ्या.

१. बाह्या. सोदे मधोमध दुमडा, घडी वर. तयार लांबी ४९, रुंदी ३३. मनगटाच्या बाजूला घडीपासून २३ सेंमी उघडे ठेवून खालपर्यंत शिवा, मग तळ शिवा. खालचा बाहेरचा कोपरा २ सेंमी त्रिज्येत गोल करा. मनगटाची कड दोनदा दुमडून तुरपा. अंगाची बाजू अजून मोकळी ठेवा.

२. गळ्याचा काप. मिगोरो खांद्यावर दुमडा. घडीपासून २ सेंमी पाठीकडे, मधल्या कडेपासून आत १० सेंमीचा एकच सरळ काप द्या (९ गळ्याचे, १ माया). दोन्ही मिगोरोंना समोरासमोर. आधी ८ सेंमी कापा, बाकीचे दोन गळपट्टी टाचताना. हा काप अर्धा सेंमी जास्त गेला तर कोपऱ्यात भोक पडतं आणि ते लपत नाही. कापाच्या टोकाखाली ४ × ४ सेंमीचं ठिगळ लावा. सगळा ताण तिथे येतो.

३. पाठीची मधली शिवण, गळ्यापासून खालपर्यंत. नक्षी जुळवायची असेल तर आधी कच्चा धावदोरा घाला. टाचण्या पुरत नाहीत, दीड मीटरमध्ये कापड हमखास सरकतं.

४. बाजूच्या शिवणी. खांद्यापासून ३७ सेंमी सोडून खाली शिवा. यातले वरचे २३ सेंमी बाहीसाठी, खालचे १४ सेंमी बगलेखाली उघडे राहतात. पुरुषांच्या किमोनोत ही उघडी जागा नसते, बाही जवळजवळ खालपर्यंत अंगाला जोडलेली असते.

५. ओकुमी. पुढच्या भागावर बाजूच्या शिवणीपासून २४ सेंमीवर उभी रेघ आखा. ओकुमीचं टोक खांद्यापासून २३ सेंमी खाली येतं. तिथून खालपर्यंत जोडा. मिगोरोची सात-एक सेंमी कड आत उरते, ती कापू नका. मग ओकुमीची पुढची कड खालच्या टोकापासून ८० सेंमीपर्यंत दुमडून तुरपा.

६. खालची किनार. १ आणि २ सेंमी अशी दोनदा दुमड. वॅक्स प्रिंटमध्ये शिवणींच्या जागी चार-पाच थर जमतात. तिथे आतली माया पायरीसारखी छाटली तर किनार सपाट बसते. माया छाटायची ही एकच जागा.

७. एरी. गळपट्टीची मधली खूण पाठीच्या शिवणीवर ठेवा. मधून दोन्हीकडे टाचत जा: मागचा काप, कापाचं टोक, ओकुमीचं टोक, आणि शेवटी ओकुमीच्या कडेवर ८० सेंमीची खूण. ही तिरकी रेघ जवळजवळ सरळ असली पाहिजे. पाठीच्या गोलाईत एरीला किंचित ढील द्या आणि पुढच्या तिरक्या भागात किंचित ताण. उलटं झालं तर गळा मानेपासून सुटतो आणि छातीवर पट्टी लोळते. तयार रुंदी ५.५ सेंमी. आतली बाजू बारीक टाक्यांनी तुरपा, मग काकेएरी वर बसवा.

८. बाह्या जोडा. सोदेची घडी खांद्याच्या घडीवर, मग पुढे-मागे २३-२३ सेंमी. दोन्ही टोकांना तीन-चार उलट्या टिपा. बाहीची उरलेली मोकळी कड तुरपा.

प्रत्येक शिवणीनंतर दोन्ही माया एकाच बाजूला वळवून इस्त्री करा, आणि घडी शिवणीच्या २ मिमी पुढे घ्या. म्हणजे टाके बाहेरून दिसत नाहीत आणि ताण आला तरी शिवण तोंड उघडत नाही. सगळी इस्त्री शेवटी एकदम केली तर हा परिणाम मिळत नाही.

इतर आफ्रिकी कापडं कुठे वापरावीत

केंटेचा अख्खा किमोनो करू नका. घानातल्या बोनविरे आणि क्पेतोए परिसरात विणल्या जाणाऱ्या केंटेच्या पट्ट्या साधारण १० सेंमी रुंद असतात. पुरुषांचा काकू-ओबी, म्हणजे कमरपट्टा, ९-१० सेंमी रुंद आणि ४ मीटर लांब असतो. एक पट्टी, एक ओबी. विणकर लांब सलग पट्टी विणून मग तिचे तुकडे करतात, त्यामुळे ४ मीटरचा अखंड तुकडा मागून घेता येतो. स्त्रियांच्या १५-१७ सेंमीच्या ओबीसाठी मध्ये केंटे आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन सेंमी साधं सुती कापड जोडा, मागून अस्तर लावा. केंटे कापण्याआधी कापाच्या दोन्ही बाजूंना बारीक टिपांच्या दोन ओळी मारा. आडवा धागा दाट असतो आणि क्षणात निसटतो.

दक्षिण आफ्रिकेचं श्वेश्वे ९० सेंमी पन्ह्याचं, बारीक नक्षीचं आणि दिशेच्या कटकटीपासून बरंच मुक्त. दोन ४५ सेंमीच्या पट्ट्या करा. साडेसहा मीटर लागतं, आटण धरून सात घ्या. त्याचा सुरुवातीचा पुठ्ठ्यासारखा कडकपणा धुऊन जातो. नवशिक्यांसाठी हे सगळ्यात समजूतदार कापड आहे.

नायजेरियातल्या अबेओकुटाचं आदिरे नीळ देऊन रंगवतात. कसाव्याच्या कांजीने नक्षी झाकून केलेल्या आदिरेचे किमोनो फार देखणे होतात, पण नीळ घासून निघते. आत पांढरा जुबान, म्हणजे किमोनोखालचा कपडा, घालणार असाल तर कापड आधी चार-पाच वेळा धुवा आणि पांढऱ्या फडक्यावर घासून बघा.

मालीचं बोगोलान जाड आणि अरुंद पट्ट्या जोडून केलेलं असतं. चिखलातलं लोह आणि पानांतलं टॅनिन मिळून त्याचा काळा रंग होतो. वारंवार साबणात धुण्याचं ते कापड नाही. हाओरीला, म्हणजे किमोनोवरून घालायच्या जाकिटाला, छान. पूर्व आफ्रिकेचा कांगा साधारण १५० × ११० सेंमीचा. अख्ख्या मिगोरोला पुरत नाही, आखूड जाकीट मात्र होतं. त्याच्या खालच्या भागात स्वाहिली वाक्य असतं. ते पाठीवर आडवं, पूर्ण वाचता येईल असं ठेवा; शिवणीत अर्धं कापलेलं वाक्य स्वाहिली वाचणाऱ्याला लगेच खटकतं.

वापर आणि धुणं

गार पाणी, हलका साबण, पिळणं नाही. बाह्यांतून काठी घालून सावलीत वाळवा, घड्या शिवणींवरच पाडा. दोन-तीन वर्षांनी पुढचा भाग मागच्यापेक्षा फिका दिसायला लागतो. तेव्हा मिगोरो उसवून पुढचा भाग मागे फिरवता येतो. गळ्याचा काप घडीपासून दोनच सेंमी दूर आहे, त्यामुळे घडी चार सेंमी सरकवली की काप पुन्हा पाठीकडे येतो. खऱ्या वॅक्स प्रिंटमध्ये तर कापड उलटंही करता येतं, दोन्ही बाजूंना रंग सारखाच असतो.